लोकर तिची तिने निवडली

१९८७ साली अमेरिकेत, कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरातील एका कलाकेंद्रात ज्युडिथ स्कॉट नावाची त्रेचाळीस वर्षांची बाई येऊ लागली. तिला डाउन सिंड्रोम होता. अगदी लहानपणीच्या आजारपणात तिची श्रवणशक्ती गेली होती, आणि ही गोष्ट कित्येक वर्षे कोणाच्या लक्षातही आली नव्हती. विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देत नाही, म्हणून ‘हिला काही शिकवता येणार नाही’ असा शिक्का बसला. सातव्या वर्षी आईवडिलांपासून आणि जुळ्या बहिणीपासून दूर करून तिला ओहायोतील एका सरकारी संस्थेत ठेवण्यात आले. पस्तीस वर्षे अशा संस्थांमध्येच गेली. शेवटी त्याच जुळ्या बहिणीने, जॉइसने, तिला आपल्याजवळ आणले आणि या केंद्रात सोडायला सुरुवात केली.

केंद्रात कागद होते, रंग होते, मदतीला चित्रकार होते. ज्युडिथने जवळजवळ दोन वर्षे त्यात फारसा रस दाखवला नाही. कागदावर थोड्या रेघोट्या, एवढेच. तरी तिची जागा कोणी काढून घेतली नाही, आणि हात धरून तिच्याकडून फूल किंवा घरही काढून घेतले नाही. मग सिल्व्हिया सेव्हेंटी ही धाग्यांमध्ये काम करणारी कलावंत तिथे कार्यशाळा घ्यायला आली. ज्युडिथने काड्या उचलल्या, त्यांच्याभोवती लोकर गुंडाळायला सुरुवात केली, आणि २००५ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती थांबलीच नाही. हाताला लागेल ती वस्तू घ्यायची, तिच्यावर धागे, सुतळ्या, कापडाच्या चिंध्या गुंडाळत जायचे. कधी माणसाएवढी, कधी त्याहून मोठी अशी दोनशेच्या आसपास शिल्पे तिने केली. एकदा लोकर मिळेना, तेव्हा तिने हात पुसायचे कागदी टॉवेल गोळा केले आणि त्यांना गाठी मारून एक पांढरेशुभ्र शिल्प उभे केले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियमने तिच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरवले.

ज्या केंद्रात हे घडले त्याचे नाव क्रिएटिव्ह ग्रोथ. १९७४ साली एलियास कॅट्झ या मानसशास्त्रज्ञाने आणि फ्लॉरेन्स लुडिन्स-कॅट्झ या त्याच्या चित्रकार पत्नीने ते घरच्या गॅरेजमध्ये सुरू केले. मोठमोठ्या संस्थांमधून प्रौढ दिव्यांग माणसे बाहेर पडत होती आणि दिवसभर करायचे काय, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता. कॅट्झ दांपत्याचे उत्तर साधे होते: त्यांना चित्रकाराची कामाची खोली द्या. उपचाराची खोली नव्हे, शाळाही नव्हे. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या आधुनिक कला संग्रहालयाने या केंद्रातील कलावंतांचे प्रदर्शन भरवले, आणि त्यांच्या शंभराहून अधिक कलाकृती कायमच्या संग्रहात घेतल्या.

असा एखादा वर्ग आपल्या गावात, आपल्या वाचनालयात, सोसायटीच्या हॉलमध्ये सुरू करावा असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ज्युडिथच्या गोष्टीतली ती दोन वर्षे नीट पाहावीत. आपल्याकडे तिसऱ्या महिन्यात पालक विचारतात, ‘काही जमतंय का हिला?’ आणि पाचव्या महिन्यात शिक्षक घाईघाईने रेघ काढून देतो, रंग हातात देतो, घरी न्यायला एक चित्र तयार करतो. तिथेच वर्ग बिघडतो. वर्गाचा कस एकाच गोष्टीत लागतो: इथे होणारे निर्णय कोणाचे आहेत? कोणता रंग, कुठे, किती, आणि थांबायचे कधी. पुढे सांगितलेली सारी उठाठेव, म्हणजे उतार, टेबले, जाड मुठीचे ब्रश, दुभाषी, ही हे निर्णय ज्याचे त्याला घेता यावेत यासाठीच आहे.

प्रौढांचा विचार वेगळा का करायचा, हेही समजून घेतले पाहिजे. विशेष शाळेचा दरवाजा साधारण अठराव्या वर्षी बंद होतो. त्यानंतर नशीब असेल तर एखादी उद्योगशाळा मिळते. तिथे मेणबत्त्या, कागदी पाकिटे, पणत्या, राख्या बनतात. हे काम प्रामाणिक आहे, त्याचे पैसे मिळतात, ते जरूर चालावे. पण पणती रंगवणारा हात त्याचा आणि नक्षी ठरवणारे डोके दुसऱ्याचे, याला कलाशिक्षण म्हणता येत नाही. दुसरीकडे अपघाताने, आजाराने, वयाने दिव्यांगत्व आलेली माणसे आहेत. चाळिशीत दृष्टी गेलेला लेखनिक, पक्षाघातानंतर उजवा हात हलेनासा झालेली शिक्षिका, पार्किन्सन्स झालेले निवृत्त बँक कर्मचारी. त्यांच्यासाठी तर कोणी शाळाही काढलेली नसते. २०११च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्ती मोजल्या गेल्या. तेव्हा नोंदीसाठी मोजकेच प्रकार होते. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले.

याच कायद्याच्या कलम २९ मध्ये दिव्यांगांच्या सांस्कृतिक जीवनाचा आणि करमणुकीचा हक्क आहे. नृत्य आणि कलावर्गांत सहभाग मिळवून देणे, दिव्यांग कलावंतांना अर्थसाह्य देणे, एवढेच नव्हे तर कला विषयांचे अभ्यासक्रम त्यांना घेता येतील असे नव्याने आखणे, ही शासनाची आणि स्थानिक संस्थांची जबाबदारी असल्याचे त्यात लिहिले आहे. कलम १८ प्रौढ शिक्षणाबद्दल तेच म्हणते. नगरपालिकेच्या सभागृहासाठी अर्ज करताना ही दोन कलमे अर्जात नमूद करावीत. विनंती आणि हक्क यांच्या भाषेत फरक असतो, आणि टेबलापलीकडच्या माणसाला तो लगेच कळतो.

आता जागा. महाराष्ट्रातले बहुतेक गाण्याचे, नाचाचे, चित्रकलेचे वर्ग भाड्याच्या खोलीत, पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत चालतात. तिथे व्हीलचेअरवरचा माणूस पोहोचूच शकत नाही, आणि मग ‘आमच्याकडे कोणी दिव्यांग येतच नाहीत’ असे वर्गचालक अगदी खऱ्या मनाने सांगतात. तळमजला मिळवणे हे पहिले काम. दारासमोर एक पायरी असेल तर उतार बांधता येतो, पण त्याचा हिशेब ठाऊक हवा: एक फूट उंची चढायला बारा फूट लांबीचा उतार. सहा इंचांच्या पायरीला सहा फूट. त्याहून खडा उतार केला तर ढकलणारा दमतो, आणि स्वतः चाके फिरवणारा मागे उलटू शकतो. दार किमान ९० सेंटिमीटर रुंद असावे. आत व्हीलचेअर पूर्ण वळवायला साधारण दीड मीटर व्यासाची मोकळी जागा लागते.

स्वच्छतागृह पाहिल्याशिवाय जागा ठरवू नये. वर्गाला न येण्याचे कारण पुष्कळदा तेच असते, आणि ते कोणी बोलून दाखवत नाही. काही जणी तीन तास पाणी न पिता बसून राहतात.

वर्गाची जाहिरात करताना ‘सर्वांचे स्वागत’ एवढे लिहून भागत नाही. किती पायऱ्या आहेत, उतार आहे का, रिक्षा दारापर्यंत येते का, दुभाषी आहे का, सोबत कोणी आले तर बसायची सोय आहे का, शुल्क किती, हे सगळे लिहावे. फोन नंबराबरोबर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून विचारता येईल असेही सांगावे, कारण कर्णबधिर माणसाला फोन नंबर निरुपयोगी असतो. सूचना चित्र करून पाठवली तर तिचा मजकूर साध्या अक्षरांतही पाठवावा. मोबाइल वाचून दाखवणाऱ्या आवाजावर अवलंबून असलेल्या अंध वाचकाला नुसत्या चित्रातून काही हाती लागत नाही. आणि वेळ ठेवताना लोकलची गर्दी, पावसाळा, संध्याकाळचा अंधार यांचा विचार करावा. सकाळी अकरा ते एक ही वेळ बहुतेकांना सोयीची पडते.

नाव नोंदवताना निदान विचारण्याची सवय सोडावी. ‘काय झालंय?’ याऐवजी ‘काम करताना काय लागेल?’ हा प्रश्न विचारावा. उत्तरे फार उपयोगी येतात. कोणी म्हणेल, मला डाव्या बाजूचे दिसत नाही, साहित्य उजवीकडे ठेवा. कोणी म्हणेल, गोळी घेतल्यावर तासभर हात स्थिर असतो, तेवढ्यात बारीक काम करू द्या. कोणाला पंख्याचा आवाज सहन होत नाही. प्रश्न ज्याचा त्यालाच विचारायचा, शेजारी बसलेल्या आईला नव्हे. बोलायला वेळ लागला तर तो द्यायचा. मेंदूच्या पक्षाघातामुळे अडखळत बोलणाऱ्या माणसाचे वाक्य मध्येच पूर्ण करून टाकणे हा आपल्याकडचा सर्वात प्रेमळ आणि सर्वात त्रासदायक अपमान आहे.

आता टेबलाकडे वळू, कारण खरी कारागिरी तिथे आहे. व्हीलचेअर टेबलाखाली जायची तर गुडघ्यांसाठी सुमारे ७० सेंटिमीटर उंची मोकळी हवी. आडवी फळी किंवा खण असलेली टेबले चालत नाहीत. कागद मास्किंग टेपने चारही बाजूंनी चिकटवावा. एका हाताने काम करणाऱ्याचा निम्मा जीव कागद धरून ठेवण्यातच जातो. ड्रॉइंग बोर्डाखाली स्वयंपाकघरातल्या खणात अंथरतात ती जाळीदार रबरी मॅट टाकली की बोर्ड घसरत नाही. पाण्याचे भांडे उथळ आणि जड असावे. स्टीलच्या डब्यात वाळूची थैली ठेवून त्यात रंगाची बाटली रोवली तर धक्का लागून सांडत नाही. ब्रशची दांडी मुठीत मावत नसेल तर सायकलच्या हँडलची रबरी मूठ तिच्यावर चढवावी, नाहीतर जुन्या सुती कापडाची पट्टी घट्ट गुंडाळावी, किंवा रबरी चेंडूला आरपार भोक पाडून त्यात ब्रश खोवावा. हात थरथरत असेल तर मनगटाखाली वाळूची उशी ठेवून पाहावी. नाहीच जमले तर माध्यम बदलावे. थरथरणाऱ्या हाताला बारीक ब्रश छळतो, पण कोळशाच्या जाड कांडीला तीच थरथर एक जिवंत रेघ देऊन जाते.

तोंडात किंवा पायाच्या बोटांत ब्रश धरून चित्रे काढणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय संघटनाच आहे, आणि तिचे भारतातले काम मुंबईतून चालते. अशा चित्रकाराला बोर्ड उभा, चेहऱ्याच्या उंचीवर लागतो, आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी मानेला विश्रांती लागते. ब्रशच्या तोंडात धरायच्या टोकाला रंग लागणार नाही, याची काळजी मदतनिसाने घ्यावी.

दिसत नसलेल्या विद्यार्थ्याला शाडू माती द्यायची आणि मोकळे व्हायचे, ही पळवाट आहे. माती उत्तम माध्यम आहेच, पण रेषा त्यालाही हवी असते. खिडकीला लावायची डासांची जाळी पुठ्ठ्यावर ताणून चिकटवावी, तिच्यावर कागद ठेवून मेणखडूने दाबून रेघ काढावी. ती रेघ बोटाला लागते. फेव्हिकॉलने काढलेली बाह्यरेषा रात्रभर वाळू दिली की उंच होते, तिच्या आत रंग भरता येतो. एका रंगात बारीक रेती, दुसऱ्यात लाकडाचा भुसा मिसळला की रंग स्पर्शाने ओळखू येतात. हळद, गेरू, कॉफी यांची ओळख तर वासानेच पटते. रंगांच्या वाट्या दर वेळी त्याच क्रमाने असाव्यात, आणि त्या न सांगता हलवू नयेत. जागा सांगताना ‘इकडे’, ‘तिकडे’ म्हणण्याऐवजी घड्याळाचे काटे वापरावेत: पाणी बाराच्या दिशेला, पिवळा तीनच्या. जवळ येणाऱ्याने आधी आपले नाव सांगावे, आणि जाताना ‘मी निघतो’ म्हणावे. रिकाम्या खुर्चीशी बोलत राहण्याची वेळ कोणावर येऊ नये.

अंध माणूस आणि दृश्यकला हे समीकरण ज्यांना अजूनही पटत नाही, त्यांनी बिनोदबिहारी मुखर्जींचे काम पाहावे. जन्मापासूनच अधू दृष्टी असलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनच्या भिंतींवर मोठाली भित्तिचित्रे केली. १९५७ मध्ये मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांची दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी कागद कापून, घड्या घालून, चिकटवून चित्रे केली, मेणाच्या आकृत्या केल्या आणि १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर रंगीत फरश्यांचे मोठे भित्तिशिल्प उभे केले. त्याच वर्षी त्यांचे एके काळचे विद्यार्थी सत्यजित राय यांनी त्यांच्यावर ‘द इनर आय’ हा माहितीपट काढला. महत्त्वाची गोष्ट अशी की दृष्टी गेल्यावरही ते कलाभवनात शिकवत होते.

कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकांची एक चूक हमखास होते. शिक्षक हाताने रंग मिसळून दाखवत असतो आणि त्याच वेळी बोलत असतो. ऐकणाऱ्याला हे सोपे जाते. डोळ्यांनी ऐकणाऱ्याने मात्र पॅलेटकडे बघायचे की दुभाष्याकडे? आधी सांगावे, थांबावे, मग दाखवावे. बसण्याची रचना अर्धवर्तुळाकार असावी, शिक्षकाच्या चेहऱ्यावर उजेड असावा, खिडकीला पाठ करून उभे राहू नये. लक्ष वेधायला दिवा दोनदा बंद-चालू करावा. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. ती हातांनी बोललेली मराठी नव्हे. तेव्हा दुभाषी शिकलेला असावा, आणि त्याचे मानधन पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरलेले असावे. मुंबईत वांद्र्याला असलेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत या भाषेचे प्रशिक्षण दिले जाते. चौकशी तिथून सुरू करता येईल. घरच्या बहिणीला दुभाषी म्हणून बसवू नये. ती दमते, आणि भाऊ तिच्यासमोर मोकळेपणी बोलत नाही.

कर्णबधिरांना नाच किंवा तालवाद्य शिकवता येते का, असा प्रश्न अजून विचारला जातो. इव्हलिन ग्लेनी ही स्कॉटिश तालवादक बाराव्या वर्षापर्यंत जवळपास पूर्ण बहिरी झाली होती. ती अनवाणी वाजवते, आणि पायांतून, छातीतून, हातांतून कंप टिपते. आपल्या वर्गापुरता याचा व्यावहारिक अर्थ असा की फरशीवर कंप पोहोचत नाहीत. लाकडी चौकटीवर जाड प्लायवूड ठोकून थोडा पोकळ चौथरा करावा आणि ढोलकी किंवा पखवाज त्याच चौथऱ्यावर ठेवून वाजवावा. सम कुठे आली, ते तळव्यांना कळते.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या प्रौढांच्या वर्गात सर्वात आधी कपाट तपासावे. मिकी माउसची रंगवायची पुस्तके, ‘शाब्बास बाळा’चे ठसे, प्लॅस्टिकचे ब्रश दिसले तर ते बाहेर काढावेत. समोर पस्तीस वर्षांचा पुरुष बसलेला आहे. त्याला बालवाडीचे साहित्य दिले की तो बालवाडीसारखा वागतो, आणि मग तेच त्याच्या कुवतीचे माप ठरते. कागद जाड द्यावा, रंग चित्रकार वापरतात ते द्यावेत, थोडे महाग पडले तरी. हाक ‘बेटा’ किंवा ‘सोनू’ अशी नव्हे, वर्गातल्या इतरांना जशी मारतात तशी. निवड करायला लावताना दोन खऱ्या वस्तू समोर ठेवाव्यात: ही लोकर की हा ताग? बोट दाखवले, नजर वळवली, हात पुढे केला, तरी उत्तर मिळाले. वर्गात काय काय होणार, त्याची छायाचित्रे क्रमाने भिंतीवर लावली की अनेकांची अस्वस्थता निम्मी होते. स्वमग्न विद्यार्थ्यांना तर बदलाची आगाऊ सूचना हवीच असते. खोलीच्या एका कोपऱ्यात शांत जागा राखावी. तिथे जाऊन बसणे ही शिक्षा नाही आणि पळ काढणेही नाही, हे सर्वांना सांगून ठेवावे. डिंक हाताला लागलेला कोणाला सहन होत नसेल तर काडी किंवा ब्रश द्यावा, त्यावरून समजावत बसू नये.

आणि हात धरू नये. पुन्हा सांगायला हवे, कारण चांगल्या मनाच्या माणसांकडूनच ही गोष्ट सर्वात जास्त होते. दुसऱ्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून काढलेला सूर्य आपलाच असतो. एखादी कृती समजावून द्यायची तर शेजारी बसून स्वतःच्या वेगळ्या कागदावर करून दाखवावी. शारीरिक आधार लागत असेल तर तो कोपराला किंवा खांद्याला द्यावा, तोही विचारून, आणि दिशा त्याला ठरवू द्यावी. मदतनिसाने ‘पूर्ण’ केलेले चित्र दिसायला नीटस असते, पण ते काढून घेतलेले चित्र असते. चित्र कधी संपले, हेही करणाऱ्यानेच ठरवायचे. कागदाच्या कोपऱ्यात एकच निळा ठिपका ठेवून कोणी उठले, तर तो ठिपका तसाच राहू द्यावा.

सर्वसमावेशक वर्ग म्हणजे फक्त दिव्यांगांचा वर्ग की सगळ्यांचा एकत्र? दोन्ही चालतात, पण एकत्र वर्गाला झुकते माप द्यावे. लंडनमध्ये १९९१ साली कँडोको ही नृत्यसंस्था सुरू झाली. रंगमंचावरच्या अपघातात पाठीचा कणा दुखावलेली नर्तकी सेलेस्ट डँडेकर आणि नर्तक अ‍ॅडम बेंजामिन हे तिचे संस्थापक. व्हीलचेअरवरचे आणि पायांवरचे नर्तक तिथे एकाच रचनेत नाचतात. व्हीलचेअर चालणाऱ्या पायाला जमत नाही असा लांब, अखंड सरकता वेग देते, म्हणजे रचनाकाराला एक नवी हालचालच मिळते. एकत्र वर्गात दहा-बारा जण आणि दोन-तीन मदतनीस पुरेत. ‘उभे राहा’ अशी आज्ञा देण्याऐवजी ‘शरीर जितके उंच करता येईल तितके करा’ असे म्हटले की आज्ञा सगळ्यांना लागू पडते.

पुण्यात याचा एक सुंदर दाखला आहे. कथक आणि समकालीन नृत्य करणारे हृषीकेश पवार यांनी पार्किन्सन्स मित्रमंडळाच्या सोबतीने पार्किन्सन्स असलेल्यांसाठी नृत्यवर्ग सुरू केला. अशा वर्गांची कल्पना २००१ मध्ये ब्रुकलिनमध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेत आकाराला आली होती. तिथल्या पार्किन्सन्स गटाच्या प्रमुख ओली वेस्टहायमर यांची मागणी होती ती खऱ्या नृत्यवर्गाची, व्यायामाची नव्हे. या आजारात चालताना पाऊल अचानक जमिनीला खिळल्यासारखे होते. बाहेरून येणारी लय, टाळी किंवा मोजलेली मात्रा पुष्कळांना ते पाऊल उचलायला मदत करते. म्हणून वर्ग खुर्चीवर बसून सुरू करावा. आधी हात, मान, चेहरा. मग खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहणे. मग जमेल त्याने मोकळ्या जागेत चालणे. गिरकी टाळावी, वळायचे तर छोट्या पावलांनी वर्तुळ घेत वळावे. पडण्याची भीती खरी असते, तेव्हा मदतनीस नाचणाऱ्यांच्या वर्तुळाच्या बाहेर नव्हे, आत असावेत. नृत्याने हा आजार बरा होतो असे कोणालाही सांगू नये. तो बरा होत नाही. नाचायला आलेल्या माणसाला नाच मिळाला पाहिजे.

शिकवायला कोण हवा? कलावंत. विशेष शिक्षकाची जोड मोलाची असते, पण मुख्य माणूस स्वतः काम करणारा चित्रकार, गायक, नट असावा, कारण विद्यार्थ्याने अनपेक्षित काही केले तर त्यातली ताकद त्यालाच दिसते. आणि शक्य तिथे तो स्वतः दिव्यांग असावा, त्याला बाजारभावाने मानधन मिळावे. महाराष्ट्राने हे विसरू नये की फटाक्याच्या अपघातात लहानपणी डोळे अधू झालेल्या कुरुंदवाडच्या एका मुलाने मिरजेला बाळकृष्णबुवांकडे गाणे शिकून १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि घराण्यांच्या बंद दारांआडचे गाणे सामान्य माणसाला फी भरून शिकता येईल असे केले. विष्णु दिगंबर पलुस्करांच्या परंपरेतल्या संस्था आज गावोगाव आहेत. त्यातल्या किती तळमजल्यावर आहेत, हे प्रत्येकाने आपल्या गावात पाहून यावे. नाटकाच्या बाबतीत स्वागत थोरात यांनी अंध कलावंतांना घेऊन बसवलेली नाटके मराठी रंगभूमीने पाहिलेली आहेत. प्रेक्षकांना दिसणारे नाटक न दिसणाऱ्यांनी हालचालींसकट पेलले, ते तालमीच्या जोरावर.

पालकांविषयी हळुवारपणे, पण स्पष्ट बोलावे. ज्या आईने तीस वर्षे मुलाचे सगळे केले, तिला दोन तास बाहेर बसायला सांगणे सोपे नाही. पण ती शेजारी असली की मुलगा प्रत्येक रंग उचलण्याआधी तिच्या चेहऱ्याकडे बघतो. शेजारच्या खोलीत पालकांसाठी चहा, गप्पा, जमल्यास त्यांचा स्वतःचा चित्रकलेचा वर्ग असावा. अनेक आयांना आयुष्यात पहिल्यांदा दोन तास रिकामे मिळालेले असतात.

पैशाचे दोन शब्द. वर्ग फुकट ठेवण्याचा मोह टाळावा. थोडे का होईना, शुल्क असावे, आणि ज्यांना परवडत नाही त्यांना गाजावाजा न करता सवलत असावी. शुल्क भरणारा हक्काने तक्रार करतो, आणि वर्गाला तक्रारींची गरज असते. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतीलाही हे लागू आहे. हा निधी वर्षअखेरीस घाईने वस्तू वाटण्यात संपण्याआधी, वर्षाच्या सुरुवातीलाच उतार, दुभाषी आणि साहित्याचा लेखी प्रस्ताव द्यावा. डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयाला प्रत द्यावी. गोव्यात राज्य दिव्यांगजन आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये पणजीत पर्पल फेस्ट भरवला. अशा मेळ्यांत काम दाखवायची संधी मिळते.

प्रदर्शन भरवताना चित्राखालच्या पाटीवर आधी कलावंताचे नाव, मग चित्राचे नाव, माध्यम, वर्ष. निदान नको, त्याने स्वतः लिहायला सांगितले तरच. चित्रे डोळ्यांच्या उंचीपेक्षा थोडी खाली लावावीत, म्हणजे खुर्चीवरून दिसतात. किंमत दयेने ठरवू नये, आणि ‘घ्या, पुण्याचं काम आहे’ असे म्हणून विकू तर मुळीच नये. विक्रीतला वाटा आधी कागदावर ठरलेला असावा. क्रिएटिव्ह ग्रोथमध्ये निम्मी रक्कम कलावंताला जाते. रक्कम कलावंताच्या नावाच्या खात्यात जमा व्हावी. छायाचित्र काढण्याआधी विचारावे, आणि नको म्हटले तर कॅमेरा बंद. सत्कार, हार आणि पाहुण्यांची लांबलेली भाषणे यांत कलावंत मागच्या रांगेत ताटकळू नये. एखाद्याला आपले चित्र विकायचेच नसेल, तर ते त्याचे आहे, घरी जाऊ द्यावे.

पहिल्या दिवशी फार काही मांडू नये. एका टेबलावर कागद आणि कोळसा, दुसऱ्यावर माती, तिसऱ्यावर लोकर, सुतळी, चिंध्या आणि काड्या. सगळे झाकण काढून, हाताशी. आलेल्यांना टेबले फिरून दाखवावीत आणि कुठे बसायचे ते विचारावे. कोणी दोन तास खिडकीतून रस्ता बघत बसेल. त्याला तसे बसू द्यावे, निघताना पुढच्या मंगळवारची वेळ सांगावी, आणि पुढच्या मंगळवारी तो यायच्या आत तिन्ही टेबले पुन्हा तशीच मांडून ठेवावीत.